फोनवरून कुणालाही अटक होत नसते

या वेळची बहुतेक पत्रं फिरून फिरून मोबाईलपाशीच येतात. पैसे मोबाईलवरून गेलेले, नोटीस मोबाईलवर आलेली, भांडणाचा पुरावाही मोबाईलमध्येच. जागेपुरते पाच प्रश्न घेतेय. बऱ्याच जणांनी नाव छापू नका असं कळवलंय, म्हणून कुणाचंच छापलेलं नाही.

प्रश्न : ताई, माझी आई ६८ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. गेल्या महिन्यात तिला फोन आला की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, मग व्हिडिओ कॉलवर पोलिसाच्या ड्रेसमधला माणूस, मागे ठाण्याचा बोर्ड, व्हॉट्सॲपवर कोर्टाचा शिक्का मारलेला कागद. तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात, कुणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू असं म्हणत दोन दिवस कॉल कट करू दिला नाही. तिसऱ्या दिवशी तिने एफडी मोडून ९ लाख ४० हजार आरटीजीएस केले. मला चार दिवसांनी कळलं. मी तिला नको तेवढं बोललो, आता ती धड जेवत नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरचे साहेब नाहीत, उद्या या. पैसे मिळतील का? आणि आईवर खरंच केस आहे का?

उत्तर : आधी आईजवळ जाऊन बसा आणि तुझी चूक नाही असं तोंडाने सांगा. हे मी सांत्वन म्हणून सांगत नाहीये. माझ्याकडे अशी माणसं येतात ती पैसे गेल्यावर आठ-दहा दिवसांनी, कधी महिन्याने, आणि उशीर का झाला विचारलं की उत्तर एकच, घरात सांगायची लाज वाटली. तेवढ्या दिवसांत पैसे कुठल्या कुठे जातात. लुधियानाचे वर्धमान ग्रुपचे एस. पी. ओसवाल, पद्मभूषण मिळालेले उद्योगपती, त्यांना २०२४ मध्ये या लोकांनी व्हिडिओ कॉलवर चक्क सुप्रीम कोर्टाची खोटी सुनावणी दाखवली, सरन्यायाधीशांच्या नावाने एक माणूस बसवला आणि ७ कोटी काढून घेतले. हाताशी वकिलांची फौज असलेला माणूस फसतो तिथे घरात एकटी असलेली बाई घाबरली तर तिला काय बोलायचं. ओसवालांनी तक्रार केली म्हणून त्यांतले सव्वापाच कोटी परत मिळाले हेही आईला सांगा.

आता केसचं. डिजिटल अरेस्ट असा प्रकार आपल्या कुठल्याही कायद्यात नाही. अटक कशी करायची ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे पोलीस आणि फौजदारी कोर्टांनी काम कसं करायचं ते सांगणाऱ्या कायद्याच्या, कलम ४३ मध्ये लिहिलंय आणि त्यासाठी पोलीस समोर लागतो, माणूस प्रत्यक्ष ताब्यात यावा लागतो. बाईला अटक करताना तर पुरुष पोलिसाने अंगाला हातही लावायचा नाही, आणि सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत अटकच करायची नाही, अगदी अपवादच असेल तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. अटकेचं कारण सांगायचं, नातेवाइकाला कळवायचं, २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं, हे सगळं बंधनकारक. कुणाला सांगू नका असं म्हणणारा पोलीस असूच शकत नाही, कारण कायदा त्याला घरच्यांना कळवायलाच लावतो. आणि पडताळणीसाठी पैसे खात्यात भरून घ्यायचा अधिकार पोलीस, सीबीआय, ईडी, रिझर्व्ह बँक, कोर्ट यांतल्या कुणालाही नाही. तेव्हा आईवर केस नाही, ती फिर्यादी आहे.

चार दिवस झालेत म्हणून सोडून देऊ नका. अजून केला नसेल तर आत्ता १९३० ला फोन लावा किंवा सायबरक्राईम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाका, आरटीजीएसचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या व्यवहाराला दिलेला नंबर, हाताशी ठेवा. तो नंबर टाकला की पैसे ज्या खात्यात गेले तिथून पुढे कुठे गेले त्या साखळीतल्या बँकांना निरोप जातो आणि जिथे जेवढी रक्कम शिल्लक सापडेल तेवढी अडवली जाते. म्हणून पहिले काही तास सोन्यासारखे असतात. पण चार दिवसांनीही कधी कधी तिसऱ्या-चौथ्या खात्यात काही पडून असतं. अडवलेली रक्कम परत मिळवायला संहितेच्या कलम ५०३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो.

साहेब नाहीत उद्या या हे का म्हणाले तेही सांगते, कारण त्यात अर्धं खरं आहे. आयटी ॲक्टच्या कलम ७८ प्रमाणे या गुन्ह्यांचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्याच्या वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असतो. पण तो तपास झाला, तक्रार घ्यायला कुणी अडवलेलं नाही. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लागू आहे, त्यात गुन्हा कुठे घडला हे न बघता कुठल्याही ठाण्यात एफआयआर नोंदवता येतो, ईमेलने पाठवली तरी चालते, फक्त तीन दिवसांत जाऊन सही करायची. नाही घेतली तर एसपींना लेखी पाठवा आणि पोच घ्या. अर्जात भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), ३१९ आणि आयटी ॲक्टचं ६६ ड लिहा.

बँकेकडून भरपाईचं मात्र खोटी आशा दाखवणार नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, तीन वर्किंग दिवसांत कळवलं तर ग्राहकावर शून्य जबाबदारी, तो तुमच्या परवानगीशिवाय, त्रयस्थ कुणीतरी केलेल्या व्यवहाराला आहे. तुमच्या आईने स्वतः फॉर्म भरून पैसे पाठवले, त्यामुळे बँक तो नियम लागू नाही म्हणणार. पण ज्या बँकेत चोराचं खातं होतं तिने ते खातं कुणाच्या कागदपत्रांवर उघडलं हा प्रश्न उरतोच, आणि तो विचारायची एक जागा फार कमी लोकांना माहीत आहे. आयटी ॲक्टच्या कलम ४६ खाली प्रत्येक राज्याचे आयटी सचिव हे न्यायनिवाडा अधिकारी असतात, ५ कोटींपर्यंतचे भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. आपल्याकडे मंत्रालयात. याआधी तिथून बँकांना भरपाई द्यायला लावलेली आहे. वकील गाठून तो अर्ज करा, आणि आईला बरोबर घेऊन जा, तिची हकीकत तिलाच सांगू दे.

आणखी एक, ऑक्टोबर २०२५ मध्ये अंबाल्याच्या एका वृद्ध जोडप्याच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने या फसवणुकीची स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरात देशभरचा तपास सीबीआयकडे दिला. त्या आजी-आजोबांनी लाज बाजूला ठेवून पत्र लिहिलं म्हणून हे झालं.

प्रश्न : मॅडम, कोल्हापुरात माझी मिसळीची गाडी आहे. सगळं गिऱ्हाईक क्यूआर कोडवर पैसे देतं. महिन्यापूर्वी खातं अचानक बंद, बँकेत गेलो तर म्हणे दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी फ्रीज केलंय, फ्रॉडचे १८० रुपये तुमच्या खात्यात आलेत. १८० म्हणजे दोन प्लेट मिसळ! खात्यात ६२ हजार अडकलेत, फरसाणवाल्याचे पैसे थकलेत, गाडीचा हप्ता चुकला. बँक म्हणते पोलिसांकडे जा, पोलीस फोन उचलत नाहीत. मी काय गुन्हा केला?

उत्तर : काहीच नाही केला. वरच्या उत्तरात साखळी अडवतात म्हणाले ना, तीच साखळी तुमच्या गाडीपर्यंत येऊन पोचलीये. एका ठिकाणी बाईचे ९ लाख वाचवणारी व्यवस्था दुसऱ्या ठिकाणी मिसळवाल्याची चूल बंद करते, आणि हे मला फार लागतं, कारण दोन्हीकडची माणसं आपलीच आहेत. होतं असं की चोर लुटलेले पैसे पहिल्या खात्यातून दहा खात्यांत टाकतो, तिथून पन्नास, त्यांतला कुणीतरी तुमच्याकडे येऊन मिसळ खातो आणि स्कॅन करतो. कंप्युटरला तुम्ही त्या साखळीतलं एक खातं एवढंच दिसतं, तुमच्या हातातला झारा दिसत नाही.

खातं गोठवायचा अधिकार पोलिसांना आहे, बँक खातं ही जप्त करता येणारी मालमत्ता आहे हे सुप्रीम कोर्टाने १९९९ मध्येच आपल्या महाराष्ट्रातल्याच एका केसमध्ये सांगितलंय. तेव्हा क्यूआर कोड नव्हते. पण जप्ती केली की मॅजिस्ट्रेटला ताबडतोब कळवायचं हेही नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, आणि बहुतेक वेळा नेमकं तेच झालेलं नसतं. शिवाय १८० रुपयांसाठी ६२ हजार अडवणं बरोबर नाही असं हायकोर्टांनी आता स्पष्ट बोलायला सुरुवात केलीये. केरळ हायकोर्टाने २०२३ मध्ये वादातली रक्कम तेवढी अडवा, बाकी खातं चालू ठेवा असं बँकांना सांगितलं. दिल्लीत छोले भटुरे विकणाऱ्या एका माणसाचं खातं १०५ रुपयांवरून बंद केलं होतं, २०२४ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते उघडायला लावलं. तुमचीच गोष्ट, फक्त पदार्थ वेगळा.

तुम्ही करायचं ते असं. बँकेकडून तोंडी नाही, लेखी घ्या, कुठल्या सायबर ठाण्याने, कुठल्या तक्रार नंबरवर, किती रकमेसाठी, कुठल्या तारखेच्या व्यवहारासाठी बंद केलंय. बँकेने टाळाटाळ केली तर शाखेत अर्ज देऊन पोचेचा शिक्का घ्या, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. तो कागद मिळाला की त्या सायबर ठाण्याच्या अधिकृत ईमेलवर मराठीत नको, हिंदी किंवा इंग्रजीत साधं पत्र पाठवा, मी अमुक ठिकाणी मिसळ विकतो, त्या दिवशी त्या वेळेला आलेलं हे पेमेंट दोन प्लेटचं, सोबत फूड लायसन्स, गाडीचा फोटो, त्या दिवसाचं स्टेटमेंट, आणि विनंती ही की १८० रुपये होल्ड ठेवून बाकी खातं खुलं करा. खुलं करायला कुणी पैसे मागितले तर एक रुपया देऊ नका, असे मध्यस्थ हल्ली फार झालेत. पंधरा-वीस दिवसांत हालचाल नाही झाली तर हायकोर्टात रिट अर्ज करा. तुम्हा कोल्हापूरकरांना आता त्यासाठी मुंबईची गाडी पकडायला नको, ऑगस्ट २०२५ पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच तुमच्याच गावात बसतंय. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील मोफत मिळतो. आणि यापुढे धंद्याचं खातं आणि घरखर्चाचं खातं वेगवेगळं ठेवा, निदान एक बंद पडलं तर दुसऱ्यावर घर चालेल.

प्रश्न : मित्राला तीन वर्षांपूर्वी हातउसने ३ लाख दिले, निम्मे गुगल पे ने, निम्मे एनईएफटीने. कागद काहीच केला नाही, मित्रच तो. व्हॉट्सॲपवर त्याने कितीतरी वेळा देतो देतो म्हटलंय आणि एका फोनमध्ये कबूलही केलंय, ते रेकॉर्डिंग आहे. आता म्हणतो ते पैसे तू धंद्यात घातले होतेस, बुडाले. चॅटचे स्क्रीनशॉट कोर्टात चालतात का?

उत्तर : सगळ्यात आधी तारीख बघा! उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत पैसे दिल्यापासून तीन वर्षं, तुम्ही तीन वर्षांपूर्वी एवढंच लिहिलंय, म्हणजे कदाचित हातात थोडेच दिवस उरलेत, हा अंक हातात पडेल त्याच दिवशी वकील गाठा. तीन वर्षं व्हायच्या आत त्याने लेखी सहीनिशी कबुली दिली असती तर मुदत नव्याने सुरू झाली असती, पण चॅटवरच्या देतो देतो च्या भरवशावर राहू नका.

आता पुरावा. चॅट चालते, पण स्क्रीनशॉटची प्रिंट काढून नुसती जोडली तर चालत नाही, आणि इथेच खूप चांगल्या केसेस पडतात. मोबाईलमधल्या गोष्टीची कॉपी कोर्टात द्यायची तर तिच्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, आधी हे पुरावा कायद्याच्या ६५ ब मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. नव्या नमुन्यात दोन भाग आहेत, एक तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू लिहायची. हॅश म्हणजे त्या फाईलचा अंगठाच समजा, आत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

हे प्रमाणपत्र किती महत्त्वाचं ते ठरलं आपल्या जालन्याच्या केसमध्ये. २०१४ च्या विधानसभेला अर्जुन खोतकर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले आणि हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले, म्हणणं असं की शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजून गेल्यावर खोतकरांचे उमेदवारी अर्ज घेतले. पुरावा काय, तर निवडणूक कार्यालयातल्याच कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. गोरंट्याल प्रमाणपत्र मागून मागून थकले, अधिकाऱ्यांनी दिलंच नाही. शेवटी १४ जुलै २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रमाणपत्र लागतंच, पण यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि माणसाने शक्य ते सगळं करूनही ते मिळालं नसेल तर त्याच्यामुळे त्याचं नुकसान होऊ देऊ नका, कोर्टाने ते मागवावं. आणि मूळ यंत्रच कोर्टात हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही. तुमच्या बाबतीत मूळ यंत्र म्हणजे तुमचा फोन. म्हणून तो विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, रिसेट मारू नका, चॅट आपोआप उडून जायचं सेटिंग चालू असेल तर ते आधी बंद करा. नवा फोन घेतलात तरी जुना कपाटात ठेवा.

रेकॉर्डिंगही चालतं. मुंबईच्या एका कोरोनरच्या, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, लाचेच्या केसमध्ये १९७२ मध्येच सुप्रीम कोर्टाने फोनचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून मान्य केलं होतं. अट एवढीच की आवाज त्याचाच, काटछाट नाही, आणि विषयाशी संबंध. मूळ फाईल तशीच ठेवा, ऐकवायला म्हणून मित्रांना फॉरवर्ड करत बसू नका. पण तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा बँकेचं स्टेटमेंट आहे, त्याची बँकेकडून सही-शिक्क्याची प्रत घ्या. आणि गुगल पे करताना खाली जी चिठ्ठी लिहायची जागा असते तिथे उसने असा एक शब्द लिहिला असता तर आज धंद्याची गोष्ट काढायची त्याची हिंमत झाली नसती, बाकीच्या वाचकांनी हे जरूर करावं.

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपची मी ॲडमिन आहे. एका सदस्याने दुसरीबद्दल घाणेरडं लिहिलं. आता ती म्हणते ॲडमिनवरही केस करणार. करता येते?

उत्तर : नुसती ॲडमिन आहे म्हणून नाही. गोंदियाकडच्या अशाच एका प्रकरणात मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये ॲडमिनवरचा गुन्हा रद्द केला, सदस्य काय लिहील ते ॲडमिनला आधी माहीत नसतं, आणि दोघांनी ठरवून केलं असं दिसत नसेल तर एकाच्या लिहिण्याला दुसरा जबाबदार नाही. पण ताई, केसचं सोडा, ज्या बाईबद्दल लिहिलं गेलं ती तुमच्याच जिन्यावरून रोज जाते-येते. तो मेसेज पुरावा म्हणून तिच्याकडे राहील असं बघा, मग डिलीट करा, त्याला ग्रुपमधून काढा आणि तिला भेटून या.

प्रश्न : वडील ८१ वर्षांचे, हात थरथरतात, सही नीट होत नाही. त्यांचं म्हणणं मोबाईलवर व्हिडिओत रेकॉर्ड करून ठेवलं की कोणाला काय द्यायचं, तर ते मृत्युपत्र होईल का? बँकेच्या ॲपमध्ये नॉमिनी मीच आहे.

उत्तर : नाही होणार. आयटी ॲक्ट २००० मध्ये आला तेव्हापासून मृत्युपत्र त्यातून वगळलेलं आहे, म्हणजे ते डिजिटल करताच येत नाही, कागदच लागतो. हात थरथरत असेल तर अंगठा चालतो, फक्त दोन साक्षीदार हवेत, त्यांनी वडिलांना सही किंवा अंगठा करताना बघितलेलं हवं आणि मग वडिलांसमोर सही करायला हवी. ज्यांना मृत्युपत्रात काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही, पण या वयात करून घ्यावं. व्हिडिओ फुकट जात नाही बरं का, कागदावर अंगठा करताना तोच प्रसंग रेकॉर्ड करा, वडील स्वतः तारीख सांगतायत, सगळ्या मुलांची नावं घेतायत, जमीन कुठली घर कुठलं बोलतायत, पुढे कुणी म्हणालं की त्यांना समजत नव्हतं तर हा उपयोगी पडेल.

आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक पैसे तुमच्या हातात देईल पण ते वारसांसाठी सांभाळायला, शेअर्सच्या बाबतीतही हेच असं सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलंय. बहिणी असतील तर त्यांचाही हिस्सा धरून चाला, आणि ॲपमध्ये नॉमिनी कोण आहे हे वडिलांच्या देखत त्यांनाही दाखवून ठेवा.